मुखेडचे तीनशे अठरा चाहते

गंजगोलाई, लातूर
४ ऑगस्ट २०२४

भुजंग,

दोन वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस. व्हॉट्सअॅपवर मला ब्लॉक केलंस. तुझ्याकडे खेळायला येणाऱ्या दयानंदच्या नंबरवरून करून पाहिला, तर त्यालाही दोन दिवस ब्लॉक करून ठेवलंस म्हणे. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र.

कामाचं सांगतो. मराठवाडा ई-क्रीडा मंडळ नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांना मिळून एक स्पर्धा केंद्र देणार आहे. केंद्र एक, आणि तिथे चालणारी गेमची मालिकाही एकच. ज्या मालिकेच्या चाहत्यांचे अर्ज जास्त, तिला केंद्र. अर्ज कमीत कमी शंभर हवेत, अर्जदार वर्षभर तरी ती मालिका खेळलेला हवा, आणि एका माणसाने एकाच मालिकेसाठी अर्ज करायचा. मुदत ३१ ऑगस्ट. शंभर कोणाचेच भरले नाहीत, तर केंद्र संभाजीनगरला जाईल.

मी आयर्न डोजोसाठी अर्ज गोळा करतोय. तू तुझ्या नाइट क्लॅनसाठी करशील हे मला न सांगताही माहीत आहे, म्हणून आधीच लिहितो. या वेळी मधे पडू नकोस.

कारणही सांगतो. अप्पांनी मला दसऱ्यापर्यंत मुदत दिली आहे. दुकानाचा वरचा मजला, म्हणजे आपण दोघांनी मिळून सुरू केलेलं गेम झोन, त्यांना साड्यांच्या विभागासाठी हवा आहे. केंद्र मिळालं तर मजला माझा. नाही मिळालं तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी खाली काउंटरवर बसून फॉल-पिको विचारायचा. मला ते जमणार नाही, हे तुला माहीत आहे.

मायला नमस्कार सांग.

मृत्युंजय


मुखेड
११ ऑगस्ट २०२४

मृत्युंजय,

पत्र पोचलं. पोस्टमन दारात उभा राहून "लातूरहून हाय, वाचून दाखवू का" म्हणत होता. मी म्हटलं, नको, मला लिहिणाऱ्याचा आवाज पाठ आहे.

फोन मी पुढेही उचलणार नाही. फोनवर तू मला मधेच तोडतोस आणि मग पुराव्यानिशी पटवतोस. कागदावर तुला तसं करता येत नाही. लिहायचं असेल तर लिही.

आता अप्पांचं. मृत्या, तू अप्पांना किती वेळा पुढे केलंस? कॉलेजात वर्गणी द्यायची नसली की अप्पा. सहलीला यायचं नसलं की अप्पा. मलप्पा वस्त्रालयाचे मालक स्वतःच्या पोराला हाकलतील आणि तेही साड्यांसाठी? दुसऱ्या कोणाला सांग. माझ्या क्लॅनचे अर्ज येऊ नयेत म्हणून रचलेली गोष्ट आहे ही, आणि रचलीही आहेस घाईत.

राहिला प्रश्न कोणाचे चाहते जास्त. अरे, क्लॅनचे सात भाग निघाले. दरवर्षी-दीडवर्षी नवा. तुझ्या डोजोचे पंधरा वर्षांत तीन. इथे मुखेडला माझ्या गेमच्या दुकानाचं दार उघडायच्या आधी पोरं ओट्यावर बसलेली असतात. क्लॅनमध्ये पाच बटणं एका दमात दाबली की समोरचा भिंतीला जाऊन चिकटतो, बघणाऱ्याच्याही अंगात येतं. तुझ्या डोजोत दोन माणसं एकमेकांकडे बघत उभी राहतात. कोण आधी हलतो याची वाट बघायची. एवढंच बघायचं तर आमच्या चावडीवर येऊन बस.

मी अर्ज गोळा करणार. हे सांगूनच करतोय, लपवून नाही. लपवून करायची सवय तुझी. २०२२ च्या सप्टेंबरात मी सोयाबीनचं काम संपवून लातूरला आलो, तर दुकानातल्या मोठ्या पडद्यावरून क्लॅन काढलेला आणि भिंतीवरचं पोस्टरही उतरवलेलं. मला एका शब्दाने विचारलं नव्हतंस. ते मी विसरलेलो नाही.

माय म्हणते, लेकराला लिही की तब्येतीला जप. लिहिलं.

भुजंग


लातूर
१८ ऑगस्ट २०२४

भुजंग,

तुझ्या लोकप्रियतेच्या मुद्द्याला उत्तर देतो. अप्पांच्या मुद्द्याला देत नाही, कारण खरं सांगून झालं आहे आणि दुसरं काही माझ्याकडे नाही.

दरवर्षी नवा भाग निघतो हे तू लोकप्रियतेचं लक्षण धरतोस. तुमचे लोक नवा भाग आला की पहिले पंधरा दिवस त्याला शिव्या घालतात, सोळाव्या दिवशी तोच खेळायला बसतात आणि पुढच्या भागाची तारीख विचारतात. याला मी निष्ठा म्हणत नाही, सवय म्हणतो. डोजोच्या दुसऱ्या भागानंतर तिसरा यायला आठ वर्षं लागली. तेवढ्या काळात माझ्याकडचा एकही नियमित खेळाडू तुटला नाही. त्यांनी जुनाच भाग खेळून त्यात नवीन डाव शोधले.

माझे खेळाडू म्हणजे बहुतेक क्लासची पोरं-पोरी. रविवारी चाचणी परीक्षा झाली की दोन तासांसाठी येतात. नांदेड, परभणी, धाराशिव, सगळीकडची. आठवडाभर त्यांना कोणीतरी पळवत असतं. इथे येऊन त्यांना थांबता येतं. दामिनी नावाची एक देवणीची मुलगी आहे, तिसऱ्यांदा परीक्षा देते आहे. ती डोजोतलं काठीवाल्या म्हातारीचं पात्र घेऊन खेळते आणि आतापर्यंत फक्त दोनदा हरली आहे. मी तिला विचारलं, डोजोच का. ती म्हणाली, "सर, यात चुकलं तर कुठं चुकलं ते दिसतं."

यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही. अर्ज एकशे तीसच्या पुढे गेले आहेत.

मृत्युंजय


मुखेड
२९ ऑगस्ट २०२४

मृत्युंजय,

बसला असशील तर बस, उभा असशील तर भिंत धर. मुखेडचे अर्ज तीनशे अठरा.

कसे जमले ते ऐक, म्हणजे तुला लोकप्रियता म्हणजे काय ते कळेल. बाजाराच्या दिवशी मी दुकानापुढे मांडव टाकला, टेबल मांडलं आणि दुकानातल्या आमच्या अमरेशला भोंगा देऊन बसवलं. पहिल्या तासात वीसेक आले, ते रोजचेच. तेवढ्यात साहेबराव काका आले. आमच्या भावकीतले, गेल्या ग्रामपंचायतीला त्यांचं पॅनल निवडून आलं, ते. त्यांनी विचारलं, "भुजंगा, हे काय करून राहिला?" मी म्हटलं, काका, लातूरवाल्यांशी लढत लागली आहे. आपल्याकडचा क्लॅन, त्यांच्याकडचा डोजो. काका म्हणाले, "लातूरवाले? मंग आपलं गाव अख्खं क्लॅनकडून हाय म्हणून लिव्ह."

त्यांनी दोन फोन लावले. दुपारी दोनपर्यंत चार गावांची माणसं टेबलापुढे रांगेत. भाजीवाले, शेळ्या विकायला आलेले, लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं एक अख्खं वऱ्हाड. एका गावात काकांच्या विरुद्धचं पॅनल आहे. त्यांना कळलं की काका क्लॅनकडून आहेत, तर ते म्हणाले, आम्ही दुसऱ्याकडून. त्यांना मी समजावलं की दुसरं म्हणजे लातूर, तेव्हा कुठे ते क्लॅनमध्ये आले, पण वेगळ्या रांगेत उभे राहिले.

सगळे खेळतात का, असं तू विचारशील. अरे, ज्यांना आपला पक्ष माहीत आहे त्यांना खेळ शिकायला किती वेळ लागतो? 'किती वर्षं खेळता' या रकान्यात अमरेशने सगळ्यांना दोन वर्षं लिहून टाकली. गठ्ठा कालच नांदेडला मंडळाच्या कचेरीत देऊन आलो.

हरल्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. उद्घाटनाला बोलावीन.

भुजंग


लातूर
४ सप्टेंबर २०२४

भुजंग,

तू मतदान घेतलंस. चाहते मोजले नाहीस.

नियमावलीच्या चौथ्या पानावर आहे की मंडळ प्रत्येक अर्जावरच्या नंबरवर फोन करून तीन प्रश्न विचारणार. कोणाला घेऊन खेळता, मालिकेचे किती भाग आले, आणि एक डावपेचाचा. उत्तरं आली नाहीत तर अर्ज बाद. तू चौथं पान वाचलं नसशील. तू पहिल्या पानावरच भांडायला उठतोस.

माझे अर्ज एकशे त्रेसष्ट. एकही खोटा नाही.

काल अप्पा टेप घेऊन वर आले होते. साड्यांच्या कपाटांसाठी भिंतीची मापं घेतली. मी त्या वेळी एकाला डोजोचा डाव शिकवत होतो. अप्पा म्हणाले, "चालू द्या, चालू द्या," आणि टेपचं दुसरं टोक मलाच धरायला दिलं. मी धरलं.

मृत्युंजय


मुखेड
१९ सप्टेंबर २०२४

मृत्युंजय,

गेले दहा दिवस मी दुकानाचं शटर अर्धंच वर करतो. कारण तुला कळलंच असेल. मंडळाचे फोन आले.

साहेबराव काकांना विचारलं, तुम्ही क्लॅनमध्ये कोणाला घेऊन खेळता? काका म्हणाले, "आमी कोणाला घेऊन न्हाई, सगळ्यांना संगं घेऊन चालतो." वऱ्हाडातल्या नवरदेवाला विचारलं, किती भाग आले? तो म्हणाला, अजून याद्या व्हायच्यात. एका म्हाताऱ्याने तर मंडळाच्या बाईलाच दम भरला की तुमी इरोधी पॅनलकडून बोलून राहिले का. ही सगळी उत्तरं मंडळाने लिहून घेतली आहेत आणि नांदेडच्या कचेरीत मोठ्याने वाचून दाखवतात असं ऐकतो. तीनशे अठरातले उरले अठ्ठावन्न. माझी खरी गिऱ्हाईकं तेवढीच, हे मला आधीपासून माहीत होतं. भोंगा हातात आल्यावर विसरलो.

आता दुसरी गोष्ट, जी लिहायला मी बसलो आहे. मंडळाच्या बाईने मला सांगितलं की तुमच्या गठ्ठ्यात एक अर्ज डोजोचा निघाला, तो आम्ही लातूरच्या मोजणीत धरला, कारण त्या बाईंनी तिन्ही उत्तरं बरोबर दिली. नाव विचारलं. केवळाबाई.

घरी येऊन मायला विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "म्या अमरेशला इचारलं, मृत्युंजयचा कोणता? त्यो म्हणला डोजो. मंग त्याच्यावरच अंगठा दिला." मी म्हटलं, माय, अगं मी तुझा पोरगा. ती म्हणाली, "तुह्यामागं अख्खं गाव हाय की. त्या लेकरामागं कोण हाय?"

प्रश्नांचं विचारलं तर म्हणाली, त्यात काय अवघड. लॉकडाउनमध्ये तू दोन महिने आमच्या घरी अडकला होतास, तेव्हा रोज दुपारी तू तिला काठीवाली म्हातारी खेळायला शिकवलीस. मी रानात असायचो, मला वाटायचं तुम्ही गप्पा मारता. तेव्हापासून मी घरी नसलो की ती रोज एक डाव खेळते म्हणे. तुझे अव्वा-अप्पा कसे आहेत, हेही तिला माझ्याआधी कळतं. नागम्मा अव्वांचा आणि तिचा दर गुरुवारी फोन असतो म्हणे. दोन वर्षं. अप्पांच्या मुदतीचं तिला आषाढापासून ठाऊक होतं. मी तुला खोटारडा ठरवून पत्र लिहीत होतो, तेव्हा ती शेजारी बसून शेंगा फोडत होती.

मी चुकलो. अप्पांच्या बाबतीत चुकलो आणि ते तुला सरळ लिहितो. तुझं केंद्र झालं का, कळव.

भुजंग


लातूर
२४ सप्टेंबर २०२४

भुजंग,

झालं नाही. एकशे त्रेसष्टमधले सत्त्याऐंशी धरले, मायचा अर्ज धरून अठ्ठ्याऐंशी. बाकीच्यांची उत्तरं चुकली नाहीत, त्यांनी फोनच उचलले नाहीत. क्लासच्या पोरांचे फोन होस्टेलच्या कपाटात कुलपात असतात, रविवारी दोन तास मिळतात. मंडळाचे फोन गेले सोमवार ते शुक्रवार. दामिनीला मंडळाने सात वेळा फोन केला. तुला चौथं पान वाचलं नाहीस म्हणून हिणवलं, आणि रोज ज्यांच्यात बसतो त्यांचं हे मला सुचलं नाही. होस्टेलच्या रेक्टरांना भेटलो. ते म्हणाले, गेमसाठी फोन देतो असं पालकांना सांगू का?

केंद्र लगेच संभाजीनगरला न नेता मंडळाने दोन्ही गावांना ५ ऑक्टोबरपर्यंत मुदत वाढवून दिली आहे. मला बारा कमी पडतात, तुला बेचाळीस. लातुरात वर्षभर डोजो खेळलेला आणि स्वतःचा फोन स्वतःकडे असलेला माणूस आता उरलेला नाही. मी गेल्या आठवड्यात औशापर्यंत जाऊन आलो.

एक राहिलेलं सांगतो. २०२२ मध्ये मोठ्या पडद्यावरून क्लॅन मी माझ्या मनाने काढला नव्हता. क्लॅनवाल्यांच्या आरडाओरड्याने खालची गिऱ्हाईकं परत जात होती. अप्पा म्हणाले, एक तर तो गोंधळ बंद कर, नाहीतर मजला खाली कर. तुला सांगितलं असतं तर तू जिन्यावरून खाली जाऊन अप्पांशी भांडला असतास, आणि मला तुमच्या दोघांतला एक निवडावा लागला असता. मी भ्यालो. पोस्टर उतरवून तू यायची वाट बघत बसलो, आणि तू आलास तेव्हा काहीच बोललो नाही. तुला वाटलं मी डोजोसाठी केलं. तसं वाटू दिलं, कारण ते सोपं होतं.

दसऱ्यानंतर दोन मोठे पडदे, चार कन्सोल आणि खुर्च्या घेऊन जा. गाडी मी करून देतो. तू त्यावर क्लॅन लावलास तरी चालेल. चालू राहिलेलं बरं.

मृत्युंजय


मुखेड
५ ऑक्टोबर २०२४

मृत्युंजय,

पडदे तिथेच राहू दे. गाडी करू नकोस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दुकान बंद करून पोरांना आत बसवलं. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न. तुला माहीत नसलेली एक गोष्ट आहे. गेली दोन वर्षं मी मागच्या खोलीत एक जुना कन्सोल ठेवला आहे आणि त्यावर फक्त डोजो आहे. कधी ना कधी लातूरशी लढत लागेल, तेव्हा तुमचे डाव आपल्याला पाठ पाहिजेत म्हणून मी माझ्या चांगल्या पोरांना रोज तासभर तोच खेळायला लावायचो. पोरं वैतागायची. त्यामुळे मुखेडमध्ये वर्षाच्या वर डोजो खेळलेली माणसं आहेत, आणि ती तुझ्या लातूरवाल्यांपेक्षा कच्ची नाहीत.

मी त्यांना सांगितलं, क्लॅनचा अर्ज मागे घ्या आणि डोजोचा भरा. मग दयानंद म्हणाला, "दादा, तू आमाला दोन वरीस सांगितलं का डोजो म्हंजे बसून खायचा खेळ. आता तूच?" मी म्हटलं, हाव. तो उठून गेला. त्याच्यामागे वीसेक गेले. जाताना एकाने दारावरचं क्लॅनचं पोस्टर काढून सोबत नेलं, म्हणाला तुमच्याकडे शोभत नाही. साहेबराव काकांनी निरोप पाठवला की आपला माणूस निकालाच्या तोंडावर फुटला, असं त्यांनी गेल्या निवडणुकीतही पाहिलं नव्हतं. बाजारात माणसं माझ्याकडे बघून बोलायचं थांबतात. मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. दयानंद अजून आलेला नाही.

उरलेल्यांत नियमात बसणारे तेरा निघाले. अमरेश सगळ्यात आधी. पोरांनी आपापली वर्षं आपापल्या हाताने लिहिली. चौदावा अर्ज माझा. मंडळाचे फोन कालच येऊन गेले आणि चौदाही धरले. अठ्ठ्याऐंशी आणि चौदा, एकशे दोन. पत्र तुझ्यापर्यंत पोचायच्या आधी मंडळाकडून तुला कळलेलं असेल, तरी मला माझ्या हाताने लिहायचं होतं.

मला मंडळाचा फोन आला तेव्हा मी मागच्या खोलीत होतो. बाईंनी तीन प्रश्न विचारले, मी तिन्हींची उत्तरं त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत दिली. त्या हसल्या. मग म्हणाल्या, हे नियमात नाही, पण विचारते. तुम्ही आधी क्लॅनसाठी तीनशे अठरा अर्जांचा गठ्ठा दिला होता. खरं सांगा, चांगला गेम कोणता? मी म्हटलं, क्लॅन. कधीही विचारा, क्लॅन. त्या म्हणाल्या, मग डोजोचा अर्ज का भरलात?

मी म्हटलं, बाई, लातूरला माझा माणूस आहे.

भुजंग